पुढचा शाफ्ट काढू नका

जुन्या फोर-व्हील जीपची शक्तिवाहक यंत्रणा मोडली असता ती उघडून कारण शोधीत बसणे हा निव्वळ कालापव्यय होय; मोडलेला गिअरबॉक्स वा ट्रान्सफर केस सबंध उतरवून त्या जागी दुसरा बसवावा, आणि तेवढाही खर्च झेपत नसेल तर पुढच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कायमचा काढून टाकून गाडी मागच्या दोन चाकांवर हाकावी, असा उपदेश यंत्रशास्त्राचे पदवीधर असलेल्या माझ्या एका स्नेह्यांनी आमच्या भागातील शेतकऱ्यांपुढे केला, त्यास आता वर्ष होत आले. हा भाग म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याची पश्चिमेकडची, जांभ्या दगडाची आणि अतोनात पावसाची पट्टी. येथे वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वाट या संज्ञेस क्वचितच पात्र असते. मजकूर उपदेश ऐकून माझ्या माहितीतील तिघांनी आपापल्या जीपचे पुढचे शाफ्ट उतरविले. स्नेह्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचे म्हणणे तिघांच्या गाड्यांवर अमलात आलेले पाहिल्यावर गप्प राहणे मला अनुचित वाटले.

त्यांची कैफियत प्रथम प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. एक तर, मिस्त्रीचे तीन दिवस आणि गाडीवाचून मालकाचा होणारा खोळंबा यांची किंमत धरली तर सबंध जिन्नस बदलणे स्वस्त पडते. दुसरे, ज्या मालकाला वर्षाकाठी आठ दिवससुद्धा चारही चाकांची गरज लागत नाही, त्याने उरलेले दिवस पुढच्या आसाचे ओझे फिरवीत इंधन जाळावे हे अव्यवहार्य आहे. आणि तिसरे, आवाज ऐकून दोष सांगणारे जुने मिस्त्री अनुमानाला ज्ञान समजतात, म्हणून त्यांच्या निदानावर पैसा लावणे धोक्याचे आहे. यांपैकी एकही मुद्दा उथळ नाही. तरीही तिन्ही चुकीचे आहेत, आणि ते चुकण्याचे मूळ एकच आहे: मोडलेला भाग हाच अपराधी, असे गृहीत धरून ते निघतात. माझा अनुभव आणि या यंत्राची रचना दोन्ही सांगतात की मोडलेला भाग हा बहुधा बळी गेलेला असतो, आणि अपराधी गाडीत दुसरीकडेच सुखरूप बसलेला असतो.

मी ज्या गाडीविषयी लिहितो आहे ती स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत महिंद्रने ज्या विलीज जीपची जुळणी आरंभिली तिच्या वंशातली, उंच बॉनेटची जीप होय. तिच्या तीन वेगांच्या गिअरबॉक्समागे लागूनच स्पायसर कंपनीच्या १८ क्रमांकाच्या रचनेचा ट्रान्सफर केस बसविलेला असतो. महायुद्धातील जीपलाही हीच रचना होती. या ट्रान्सफर केसमध्ये साखळी नाही. सर्व काम दातांचे. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती येथे कधीच सरळ आरपार जात नाही. गाडी दोन चाकांवर असो वा चार, ती प्रथम मधल्या दंतचक्रावर उतरते आणि तेथून बाजूला असलेल्या बहिर्गामी शाफ्टवर चढते. त्यामुळे या गाडीचा एक अखंड हुंकार असतो, जो ती नवी असतानाही होता. आधुनिक मोटारींवर कान तयार झालेला तरुण कारागीर हा हुंकार ऐकून ‘ट्रान्सफर केस गेला’ असा निवाडा देतो, आणि निरोगी यंत्र खाली उतरते. येथेच पहिल्या मुद्द्याचा हिशेब चुकतो, कारण जिन्नस बदलण्यातली सारी काटकसर ही बदलण्याची मुळात गरज होती या समजुतीवर उभी आहे.

बरे, खरोखरच दोष असला तरी तो सामान्यतः कोठे असतो? त्या मधल्या दंतचक्राच्या पोटातून जाणारा जो स्थिर शाफ्ट असतो, त्यावर बारीक रोलरांच्या ओळी फिरतात; वर्षानुवर्षांच्या भाराने शाफ्टच्या एका अंगाला खड्डे पडतात, दंतचक्र किंचित तिरके चालू लागते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या काशाच्या चकत्या झिजतात. ही दुर्बलता रचनाकारांना ठाऊक होती. आरंभी पाऊण इंच जाडीचा असलेला हा शाफ्ट पुढे १ पूर्णांक १/८ इंच आणि त्यानंतर सव्वा इंच असा त्यांनी दोनदा वाढविला, तो काही हौसेने नव्हे. ज्यांनी यंत्र घडविले त्यांनी मोडलेल्या केसेसचा ढीग फेकून न देता त्यातली झीज मोजली आणि नेमका तेवढाच भाग सुधारला. आमच्या स्नेह्यांनी मात्र शेतकऱ्याला सांगितले की मोजू नकोस, सबंध फेक. वस्तुतः गाडीखाली निजून, तळाचे झाकण काढून आणि मागच्या बाजूची अडसर-पट्टी सोडवून हा शाफ्ट मागे ठोकून बाहेर काढता येतो व दंतचक्र खालून हातात घेता येते. कवच, मोठी दंतचक्रे आणि दांडे यांना हात लावावा लागत नाही. शाफ्ट, रोलर आणि दोन चकत्या एवढाच खर्च. आणि शाफ्ट बाजारात मिळाला नाही तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नमुन्यावरून तो कातून, पाणी देऊन, घासून मिळू शकतो. ज्या शहराने ओतकामात आणि यंत्रकामात नाव कमाविले त्या शहराच्या परिसरात राहून एका शाफ्टसाठी सबंध ट्रान्सफर केस भंगारात घालावा, हे मला पटत नाही.

शिवाय तो दुसरा ट्रान्सफर केस येतो कोठून? या गाडीला तो नवा बहुधा मिळत नाहीच. मिळतो तो जुन्या बाजारातला, धुतलेला, रंगविलेला आणि पूर्वचरित्राचा दाखला नसलेला. त्याच्या आतला मधला शाफ्ट किती झिजला आहे याची खातरजमा, तो न उघडता, कोणी करून दिली? लष्कर रणभूमीवर सबंध जिन्नस बदलते, असा दाखला स्नेही देतात. तो खरा आहे, पण अर्धाच. लष्करात आघाडीवरून उतरविलेला जिन्नस मागे बेस वर्कशॉपात जातो, तेथे तो उघडला जातो, मोजला जातो आणि दुरुस्त होऊन भांडारात परत येतो. वेळ नसेल तेथे निदान पुढे ढकलले जाते, रद्द केले जात नाही. शेतकऱ्याच्या मागे असे वर्कशॉप उभे नसताना त्याला या पद्धतीचा पुढचा अर्धा भाग तेवढा देणे, म्हणजे त्याला निदानावाचून ठेवणे होय.

आता शाफ्ट काढण्याची गोष्ट. या मुद्द्याने मी सर्वांत अधिक अस्वस्थ झालो आहे, म्हणून यावर थोडे रेंगाळतो.

या जीपच्या ट्रान्सफर केसच्या दोन दांड्यांच्या मधे रचनाकारांनी एक अडसर ठेवला आहे. पुढचा आस जोडल्याशिवाय, म्हणजे फोर-व्हील टाकल्याशिवाय, लो गिअर पडतच नाही. हा अडसर का, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. पहिल्या गिअरचे प्रमाण २.७९८, लो गिअरचे २.४६ आणि आसातील क्राउन-पिनियनचे ५.३८, यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. एंजिनाची परमावधीची पीळ देण्याची शक्ती ११४ फूट-पौंड. ती सदतीस पटींनी वाढून, घर्षणात जाते ते सोडले तर, ४,२०० फूट-पौंडांच्या घरात पोचते. एवढा पीळ दोन आसांत वाटला जावा, एकट्या मागच्या आसावर पडू नये, यासाठी तो अडसर आहे. पुढचा शाफ्ट काढलेल्या गाडीत दांडा मात्र पूर्वीसारखाच पडतो. अडसराला वाटते की पुढचा आस जोडला गेला, लो गिअर निमूटपणे लागतो, आणि भाताच्या पोत्यांची ट्रॉली घेऊन बांधावरून वर चढताना तो सारा पीळ मागच्या दोन अर्ध-शाफ्टांवर आणि एका पिनियनवर येतो. ज्या गृहस्थाने खर्च वाचविण्यासाठी पुढचा शाफ्ट उतरविला, त्याने यंत्राचे एक संरक्षण स्वतःच्या हाताने काढून घेतले, आणि त्याची कल्पनाही त्याला कोणी दिली नाही.

आणि त्यात इंधन तरी किती वाचले? पुढच्या चाकांना सुटे करणारे हब नसलेल्या गाडीत शाफ्ट काढला तरी चाके आपल्याबरोबर आतले अर्ध-शाफ्ट, क्राउन आणि पिनियन फिरवीतच राहतात. थांबतो तो केवळ मधला शाफ्ट आणि त्याचे ट्रान्सफर केसमधील टोक. ज्याला खरोखरच पुढचे ओझे थांबवायचे आहे त्याने सुटे होणारे हब बसवावेत. चार चाकांची गरज पडली की खाली उतरून ते फिरविले, काम झाले. स्नेह्यांचा उद्देश साध्य करणारा उपाय अस्तित्वात असताना त्यांनी उद्देश साध्य न करणारा उपाय सांगितला, ही माझी तक्रार आहे.

पुढच्या आसाची किंमत एका रात्रीत कळते. मागच्या चाकाचा निमुळता शाफ्ट हबमध्ये एका चावीने अडकविलेला असतो, आणि त्यावरचे मोठे नट पुरेसे आवळलेले नसेल तर ती चावी कापली जाते. माझ्या गाडीत हे नट मी वेळेवर तपासले नव्हते. भर पावसात, वस्तीपासून दूर, एंजिन चालू, गिअर पडलेला, खालचा शाफ्ट गरगर फिरतो आहे आणि गाडी जागची हलत नाही, अशी अवस्था झाली. कारण डिफरेन्शियलचा धर्मच असा की एका बाजूचा प्रतिकार नाहीसा झाला की सारी गती तिकडे वाहून जाते आणि दुसरे चाक उभे राहते. मी फोर-व्हील टाकले. गाडी पुढच्या चाकांनी ओढीत, सावकाश, घरी आली. त्या एका कृतीत निदानही झाले, हे येथे महत्त्वाचे आहे: पुढून चालते आणि मागून चालत नाही, याचा अर्थ क्लच, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस तिन्ही निर्दोष, दोष मागच्या आसात. ज्याचा पुढचा शाफ्ट गोठ्यात ठेवलेला आहे त्याला हा पुरावाही मिळत नाही आणि घरही गाठता येत नाही.

तिसऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे कानाच्या निदानाकडे वळण्यापूर्वी एक प्रकरण सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण हा वाद माझ्या मनात तेथूनच सुरू झाला. माझ्या मामेभावाच्या जीपच्या पुढच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला, तो बदलला. काही महिन्यांनी फोर-व्हीलचा दांडा परत मागे येईनासा झाला, आणि नंतर ट्रान्सफर केसमधील एका दंतचक्राचे दाते उडाले. शहरातल्या एका गॅरेजाने सबंध ट्रान्सफर केस बदलून दिला. पुढच्या पावसाळ्यात तोही तसाच मोडला, तेव्हा त्याच गॅरेजाने आणखी एक बसविला आणि वर सल्ला दिला की आता पुढचा शाफ्ट काढून टाका, म्हणजे हा टिकेल. तो टिकलाही असता, हे मी मान्य करतो; रोग्याला चालायला बंदी केली की पायाचे दुखणे उमटत नाही, तसे ते टिकणे होय.

आमच्या गावच्या एका वृद्ध मिस्त्रीने काय केले ते सांगतो. त्याने ट्रान्सफर केसला हातच लावला नाही. प्रथम सर्व चाकांखाली दगड लावले, आणि मग हँडब्रेक सोडला, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, शाफ्टवरच असतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकून त्याने मागचे एकच चाक जॅकवर उचलले. टायरवर एक आणि शाफ्टवर एक अशा खडूच्या खुणा केल्या. एक चाक जमिनीवर स्थिर असता उचललेले चाक दोन वेळा फिरविले की आतले क्राउन बरोबर एकदा फिरते. तेव्हा शाफ्टचे फेरे मोजले की क्राउन-पिनियनचे प्रमाण हातात येते. मागचा शाफ्ट पाच फेऱ्यांना थोडा कमी, म्हणजे ४ पूर्णांक ७/८ फिरला. पुढे येऊन, त्या बाजूचे एक चाक उचलून हेच केले, तेव्हा शाफ्ट ५ पूर्णांक ३/८ फिरला. दोहोंत बरोबर अर्ध्या फेऱ्याचा फरक. खडूची एक खूण वर थांबली, तर दुसरी खाली.

उलगडा झाला तो असा. पूर्वी केव्हातरी मागच्या आसाचे क्राउन-पिनियन निकामी झाले असता कोणीतरी जुन्या बाजारातून दुसरी जोडी आणून बसविली होती. युद्धकाळातील जीपच्या आसांत ३९ आणि ८ दातांची जोडी असे, म्हणजे प्रमाण ४.८८, युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये ती ४३ आणि ८ झाली, म्हणजे ५.३८. या गाडीच्या पुढे दुसरी होती आणि मागे पहिली. ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या व मागच्या शाफ्टना वेगळे फिरू देणारे डिफरेन्शियल नसते. फोर-व्हील टाकले की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने बांधले जातात. तेव्हा पुढची चाके शंभर हात जाऊ पाहत तेवढ्यात मागची एकशेदहा हात जाऊ पाहत होती. चिखलात घसरून हा तंटा मिटत असे; पण कोरड्या जांभ्यावर किंवा डांबरावर चाक घसरत नाही, आणि घसरता न आलेली सारी दहा हातांची तफावत पिळाच्या रूपाने क्रॉस, शाफ्ट आणि दाते यांत साठत जाई. दांडा परत येईनासा होणे ही त्या पिळाची स्पष्ट फिर्याद होती. दोनदा बदललेले दोन्ही ट्रान्सफर केस निरपराध होते, आणि तिसराही मोडण्याच्या वाटेवर होता.

हीच गोष्ट सौम्य स्वरूपात असंख्य गाड्यांत घडते. मालक मागचे दोनच टायर नवे घालतो. नव्या टायरचा व्यास २८ इंच आणि पुढच्या झिजलेल्याचा साडेसत्तावीस इंच धरला, तर एका किलोमीटरमध्ये नव्याचे सुमारे ४४८ फेरे होतात आणि जुन्याचे ४५६. किलोमीटरमागे आठ फेऱ्यांचा हा फरक फोर-व्हील टाकून डांबरी सडकेवर चालविणाऱ्याच्या ट्रान्सफर केसला सोसावा लागतो. वळणावर तर चारही टायर सारखे असले तरी पुढची चाके मागच्यांहून मोठ्या वर्तुळावरून जातात. म्हणून कठीण आणि कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील काढून ठेवायचे असते. स्नेह्यांनी शेतकऱ्यांना हे एक वाक्य सांगितले असते तरी पुष्कळ यंत्रे वाचली असती.

आता कान. आवाजावरून निवाडा देऊ नये हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु आवाजावरून चौकशीची दिशा ठरविणे ही अंधश्रद्धा नव्हे. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला असता घरघर येते आणि पॅडल दाबताच थांबते, तर ती गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे बोट दाखविते. पॅडल दाबल्यावरच उमटते, तर रिलीज बेअरिंगकडे. वेग वाढविताना एक सूर आणि पाय काढताच दुसरा, असे असेल तर पिनियन पाहावे. फक्त वळताना येणारी खटखट पुढच्या आसाच्या सांध्याची असू शकते, आणि गाडी हलताना प्रथमच होणारा ‘खट्’ क्रॉसचा. यानंतर कानाचे काम संपते आणि हाताचे सुरू होते. तेल काढून बोटांवर चोळावे: पिवळी झाक म्हणजे काशाच्या वा पितळेच्या भागांची झीज, पोलादाचे चमकदार पापुद्रे म्हणजे दात वा बेअरिंग, दुधासारखे तेल म्हणजे पाणी. पाणी आसात कसे शिरते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आसाच्या वर हवा जाण्यायेण्याचे एक लहानसे छिद्र असते. ते चिखलाने बुजले आणि तापलेला आस ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकुंचन पावून ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. तेथे सील बदलून उपयोग नाही. छिद्र साफ करावे लागते.

तेलाचा आणखी एक प्रकार या जीपमध्ये विशेष आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधून तेल एकातून दुसऱ्यात जाऊ शकते. त्यामुळे गिअरबॉक्स कोरडा पडत असतो आणि ट्रान्सफर केस ओसंडत असतो. बाहेर गळती दिसली तर ती मागच्या सीलमधून, हँडब्रेकच्या लायनिंगवर. मिस्त्री सील बदलतो, लायनिंग बदलतो, ट्रान्सफर केसची पातळी पाहून समाधान मानतो, आणि गिअरबॉक्स तेलावाचून जळतो. दोन्ही बुचे उघडून दोन्ही पातळ्या पाहणे, एवढ्याने जे टळते त्यासाठी सबंध गिअरबॉक्स बदलल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि ती आठवली की अजूनही जिवाला लागते.

मामेभावाच्या गाडीच्या मागच्या आसात आता ४३ आणि ८ दातांची जोडी आहे. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळविलेले असतात, म्हणून ती जोडीनेच घेतली. मिस्त्रीने पिनियनखालच्या शिमा तीन वेळा बदलल्या. शेंदूर तेलात कालवून दातांना लावला, क्राउन फिरवून त्यावर उमटलेला स्पर्शाचा ठसा पाहिला, तो दाताच्या टोकाकडे आला तेव्हा पुन्हा उघडले, आणि तो मध्यावर बसला तेव्हाच डायल गेज लावून दातांमधली ढील मोजली. या कामात दोन दिवस गेले. ट्रान्सफर केस तोच, तिसरा, ठेवला आहे, पुढचा शाफ्टही जागेवर आहे. मध्यंतरी दोन पावसाळे झाले. फोर-व्हीलचा दांडा आता दोन बोटांनी मागे येतो.

ज्या तिघांनी शाफ्ट उतरविले त्यांपैकी दोघांनी, मी खडूचा प्रयोग त्यांच्या दारात करून दाखविल्यावर, ते परत चढविले. एकाच्या गाडीत पुढची-मागची प्रमाणे जुळली, पण टायर तीन निरनिराळ्या मापांचे निघाले. दुसऱ्याच्या गाडीत काहीच दोष नव्हता, होता तो केवळ तो जुना हुंकार. तिसऱ्याचा शाफ्ट अद्याप गोठ्याच्या माळ्यावर पडला आहे. क्रॉसमधले ग्रीस वाळू नये म्हणून मी त्याला तो फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगितले आहे, आणि पेरणीपूर्वी मी खडू घेऊन जाणार आहे.